दुसरं कासव

गेनू,

परवा तुझ्या दहाव्याला घाटावर माइकवरून मी चांगलं बोललो. लोक तसं म्हणाले. सरपंचांनी पाठीवर थाप मारली. "मुक्या जिवासाठी जीव देणारा माणूस" हे वाक्य माझंच होतं आणि ते ऐकून बायकांच्या घोळक्यात हुंदके फुटले. तू असतास तर मागं बाभळीखाली बसून बिडी पेटवली असतीस आणि म्हणाला असतास, "बाटलीमास्तर, लई झालं. उतर आता." तू ज्या दुसऱ्या कासवासाठी भानुदास आबांच्या विहिरीत परत उतरलास, ते कासव त्या विहिरीत नव्हतंच. वर्षभरापूर्वीच मेलं होतं. मी माझ्या हातानं पुरलं होतं आणि तुला सांगितलं नव्हतं. विहिरीच्या काठावर तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, तेव्हाही सांगितलं नाही.

हे सगळ्यांत आधी सांगून टाकलं, कारण मी आडवळणानं बोलायला लागलो की तुला झोप यायची.

आपली ओळखच मारामारीतून झाली. मी नुकताच दौंडच्या कॉलेजात प्रयोगशाळेत लागलो होतो. बाटल्यांमधल्या बेडकांवरची धूळ पुसायची आणि पोरांना कात्र्या वाटायच्या. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना भीमेतल्या मऊ पाठीच्या कासवाची माहिती हवी होती, कुठल्या डोहात ते आहे आणि कुठून गेलं. सरांना नदीत उतरायची हौस नव्हती, मला होती. ते कासव तुला काय सांगायचं, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला सांगायला हवं. त्याला टणक ढाल नसते, ओल्या चामड्यासारखी पाठ असते. नाक डुकराच्या नाकासारखं लांब. मान एवढी लांब की मागून धरलं तरी वळून चावा घेतं आणि घेतलेला चावा सोडत नाही.

मी कुंभारडोहावर दौंडच्या बाजूला वही घेऊन बसलो होतो. पलीकडं शिरूरच्या बाजूला तू कमरेएवढ्या पाण्यात उभा होतास, तोंडात बिडी. मला वाटलं जाळं टाकशील. तू बिडीनं वात पेटवलीस आणि जिलेटिनची कांडी डोहात भिरकावून काठाला पळालास. आधी माझ्या पायाखालची जमीन हलली, मग पाणी उभं राहिलं. पाणी खाली बसलं तेव्हा डोह पांढरा झाला होता. मरळ, शिवडा, वांब, बोटाएवढी पिल्लं, सगळी पोट वर करून. आणि त्या पांढऱ्यामधून एक कासव वर आलं. त्याची पाठ मधोमध उकलली होती, नाकातून रक्त येत होतं आणि ते तरीही पोहत होतं. एका बाजूचेच पाय चालत होते, त्यामुळं जागच्या जागी गोल फिरत होतं.

मी पोहत पलीकडं आलो आणि हाताला लागला तो पहिला दगड तुझ्या बरगडीत हाणला. तू मला वाळूत पाडून छातीवर बसलास आणि वल्ह्याच्या दांड्यानं माझा पुढचा दात पाडलास. तो दात अजून तिथंच असेल, वाळूवाल्यांनी नेला नसेल तर. "कोण रं तू? फॉरेस्टवाला हायेस का?" तू विचारलंस. मी रक्त थुंकून म्हणालो, "कॉलेजचा." तू हसायलाच लागलास. मग उठून कोयता घेतलास आणि त्या कासवाकडं गेलास. तीन घाव घालावे लागले. मान तुटली, तरी तुटलेल्या मानेचा जबडा उघडझाप करत होता. तू त्यात काडी धरलीस, तर त्यानं काडी पकडली. पोट फाडलंस तेव्हा आत अंडी निघाली, पिवळीजर्द, अजून कवच न धरलेली. "मादी व्हती," तू म्हणालास आणि ती अंडी ओंजळीत घेतलीस.

मला वाटलं, तुला पश्चात्ताप झाला. पुढं काही वर्षांनी तुझ्या बायकोनं, हौसावहिनीनं सांगितलं की तू ती अंडी टॉवेलात बांधून घरी नेलीस आणि तिनं त्यांचा रस्सा केला. चांगला झाला होता म्हणे.

परवा माइकवर मी म्हणालो की त्या दिवसापासून तू जिलेटिन सोडलंस. तेही खोटं. तू आणखी दोन वर्षं कांड्या टाकल्यास. तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं आधीच गेली होती, तरी टाकल्यास. डोहात पांढरं व्हायला काही उरलं नाही तेव्हा सोडलंस. तुझे भाऊबंद रांजणगावला कंपनीच्या बसमध्ये चढायला लागले, तुलाही बोलावत होते. तू एक आठवडा गेलास आणि परत आलास. "हितं घाम आला तर पुसाय बी येळ देत न्हाईत," म्हणालास. मग एक दिवस कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास आणि मला हाक मारलीस, "ए बाटलीमास्तर! तुझ्या वहीत सतीचा डोह हाय का? न्हाई ना? मग कसली वही ती?"

तिथून आपण माझ्या लुनावर बसलो ते सात-आठ वर्षं उतरलो नाही. लुना तुझ्या वजनानं चढावर थांबायची आणि तू मागं बसून तिला पायानं ढकलायचास, बैलाला दामटल्यासारखा शिव्या देत. वडगाव रासाईपासून खाली दौंडच्या पुलापर्यंत भीमा आणि मिळते तिथपर्यंत घोड, दोन तालुक्यांच्या काठानं आपण गाव अन् गाव केलं. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, धुणं धुणाऱ्या बायांना विचारायचं. "व्हतं की, परातीएवढं! माझ्या सासऱ्याचा अंगठा तोडला व्हता त्यानं." कवा? "तवा." तो 'तवा' मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचो. पहिल्या वहीत सत्तावीस डोहांची नावं होती आणि बहुतेक नावांपुढं 'आहे' असं होतं. शेवटच्या फेरीत 'आहे' असलेले डोह बोटांवर मोजण्याएवढे उरले. बोटं म्हणजे तुझ्या उजव्या हाताची.

कॉलेजात मी जे शिकलो नाही ते तू शिकवलंस. कासव दिसत नाही, त्याचं नाक दिसतं. पाण्यावर हरभऱ्याएवढा ठिपका, श्वास घेतो आणि बुडतो. तो ठिपका बघायला तू मला डोहाच्या काठावर उकिडवं बसवायचास आणि मी हललो की मानेवर चापट मारायचास. पहिल्यांदा मला तो माझा मला दिसला तेव्हा मी ओरडलो आणि तू माझ्यापेक्षा जोरात ओरडलास. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार काळे ठिपके असतात, मोठं होता होता ते पुसट होतात, हेही तूच दाखवलंस. हे सगळं सरांच्या नावानं कुठंतरी छापून आलं. तुझं नाव त्यात नव्हतं. तू विचारलंही नाहीस आणि मीही विषय काढला नाही. गेनू, त्याचीही लाज वाटते.

नदीचं काय झालं ते आपण दोघांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मुळा-मुठेतून पुण्याचं काळं पाणी यायचं, त्याला फेस यायचा. बंधाऱ्याच्या फळ्या टाकल्या की अंडी घालायच्या जागा पाण्याखाली जायच्या. मग इंजिन लावलेल्या होड्या आल्या, तळातली वाळू पाण्यासकट ओढून काठावर ओकायच्या. त्या ओकलेल्या ढिगाऱ्यात आपण एकदा अंड्यांची टरफलं वेचली, पोत्याच्या शिलाईसारखी एकाला एक चिकटलेली. तू त्या होडीचा पाइप कोयत्यानं कापलास आणि आपण मागं न बघता पळालो. मला ते आठवलं की अजून हसू येतं.

पण नदीनं आपल्याला खरा मार दिला तो बाभळडोहावर. काठावर तीन पोती पडलेली होती आणि त्यातलं एक हलत होतं. तू तोंड सोडलंस. आत मऊ पाठीची कासवं एकावर एक रचलेली, प्रत्येकाच्या मानेच्या कातड्यातून तार ओवलेली आणि ती तार मागच्या पायाला पिळलेली. म्हणजे चावायला मान वळू नये. सगळी जिवंत. रेल्वेनं लांब कुठंतरी जायची होती, दौंड स्टेशनवर असली पोती मालाच्या नावाखाली चढायची हे आपल्याला माहीत होतं. तू पक्कडीनं एकेक तार कापायला बसलास. तेवढ्यात ते चौघं आले.

फावड्याच्या दांड्यानं माझ्या दोन बरगड्या गेल्या. तुझं खांद्याचं हाड मोडलं, त्याचा आवाज मला ऐकू आला. आणि मोडक्या खांद्यानं तू एकाच्या मानेला मिठी मारून त्याचा कान दातात धरलास. तो बोंबलत होता, बाकीचे तुझ्या पाठीत दांडे घालत होते आणि तू सोडत नव्हतास. शेवटी त्यांनी दोन पोती उचलली आणि कान सोडवून घेऊन पळाले. तू रक्तानं माखलेलं तोंड पुसत म्हणालास, "कासवाकडनं शिकलो." त्याच अवस्थेत तू मला ट्रकच्या ट्यूबवर घालून नदी पार केलीस, एका हातानं पाणी मारत. मला श्वास घेता येत नव्हता आणि तू सारखा म्हणत होतास, "झोपू नगं, झोपलास तर बुडवीन." त्या दिवसाचं देणं माझ्याकडून कधी फिटलं नाही. उलट मी तुझ्या पदरात काय टाकलं ते सगळ्या गावानं पाहिलं.

एक पोतं आपल्याकडं राहिलं. आपण दवाखान्यातून पट्ट्या बांधून आलो तेव्हा त्यातली पाच जगण्यासारखी होती. सोडायची कुठं? बाभळडोहात सोडली तर तेच चौघं पुन्हा येणार. तेव्हा विहिरी मला सुचल्या. आपल्या भागात नवी विहीर लागली की लोक तिच्यात कासव सोडतात, पाणी निर्मळ राहतं, घाण खाऊन टाकतं म्हणतात. माझ्या आजोळच्या विहिरीतलं कासव माझ्या आईपेक्षा वयानं मोठं होतं. मी म्हणालो, भानुदास आबांसारख्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या विहिरींत ठेवू. तिथं जिलेटिन नाही, वाळूवाले नाहीत, काळं पाणी नाही. शेतकरी आनंदानं घेतील, वर भाकरी टाकतील.

तू मान हलवलीस. "विहिरीला काठ न्हाई. मादी अंडी घालाय कुठं जाईल? पायऱ्या चढून आबाच्या वसरीत?"

"निदान जिवंत राहतील."

"तू वहीत 'आहे' लिवाय जगवतोस. त्यास्नी नदी पायजे."

"नदी राहिलीय का?" मी ओरडलो. "तूच मारलीस निम्मी! कांड्या कुणी टाकल्या?"

गळ्यात अडकवलेला हात तसाच ठेवून, एका हातानं पोतं लुनावर ठेवलंस. मी जिंकलो होतो. असा जिंकलो की पुढं चार वर्षं आपल्याला सापडलेलं प्रत्येक कासव मी विहिरीत टाकलं. गळाला लागलेलं, जाळ्यात गुरफटलेलं, बाजारातून सोडवलेलं. वहीत डोहांची नावं मागं पडली, शेतकऱ्यांची नावं आली. भानुदास आबांच्या विहिरीत दोन होती, तुझी लाडकी.

त्यातलं दुसरं कसं मेलं ते आता ऐक. गेल्या साली चैत्रात मी एकटाच आबांच्या मळ्यावर गेलो. आबा लेकीकडं गेले होते. विहिरीत वास मारत होता. खाली उतरलो तर मोटरीच्या पाइपाच्या तोंडाला लावलेली लोखंडी जाळी गंजून फाटली होती आणि कासवाची मान त्या फटीत ओढली गेली होती. पाणी ओढलं जाताना मान गेली, मग मोटर चालू राहिली आणि ते पाण्याखाली अडकून गुदमरलं. मी दोन्ही हातांनी ओढलं. धड माझ्या हातात आलं, मान आतच राहिली. वर येऊन ओकलो. मग उसाच्या बांधाला खड्डा करून पुरलं, हात धुतले आणि लुनाला किक मारली.

त्याच आठवड्यात दौंड स्टेशनबाहेर चहाच्या गाड्यावर तू विचारलंस, "आबाच्या हिरीतली दोन्ही बरी हायेत ना?"

"दोन्ही," मी म्हणालो. तू बशीत चहा ओतत होतास, तुला माझ्याकडं बघायचंही कारण नव्हतं.

का बोललो असं? तू म्हणाला असतास, "बघ, सांगितलं व्हतं." एवढंच. एवढं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मग ह्या वर्षीचा हा उन्हाळा. नदी डबक्यांवर आली आणि विहिरींनी तळ गाठला. ज्याला त्याला विहीर खोल करायची घाई. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर घेऊन सुरुंगवाले मळ्यामळ्यात फिरायला लागले. खडकात भोकं पाडायची, त्यांत कांड्या ठासायच्या, वात पेटवायची. नदीतल्या जिलेटिनपासून पळवून मी जिथं कासवं लपवली होती, तिथं जिलेटिन चालत आलं. हे मला आधी का सुचलं नाही? दुष्काळात विहिरीत सुरुंग लागतो हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यात वही होती.

आपण वही घेऊन सुरुंगवाल्यांच्या पुढं पळायला लागलो. काही काढली. एका मळ्यावर पोचायला दुपार झाली आणि क्रेन आधीच चालू होती. डब्यातून दगडांचा राडा वर येऊन पडत होता आणि त्या राड्यात तू पाय पाहिलास. पडदे असलेला, तीन नखांचा. मग पाठीचा तुकडा. तू त्या ढिगावर बसलास आणि मातीनं भरलेला तो पाय माझ्यापुढं धरलास. "नदीत माझ्या हातनं मेली. हितं तुझ्या." तू रागावलाही नव्हतास. त्यानंतर तर ती आबांच्या विहिरीतली गोष्ट माझ्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

आबांच्या मळ्यावर आपण वेळेत पोचलो. सकाळचे दहा वाजले असतील. आबा भले माणूस, त्यांनी सुरुंगवाल्यांना तासभर थांबवलं. तू खाली उतरलास, गुडघाभर चिखल चाचपलास आणि कपारीतून पहिलं कासव काढलंस. क्रेनच्या डब्यात घालून वर पाठवलंस, ओरडून म्हणालास, "तोंडाकडनं धरू नका रं!" मी ते पाण्याच्या पिंपात ठेवलं. मग तू दुसरं शोधत राहिलास. तासाचा दीड तास झाला. मी वरून बघत होतो, तू चिखलात नसलेली गोष्ट शोधताना. सुरुंगवाल्यांचा मिस्त्री कुरकुरायला लागला तेव्हा तू वर आलास, दंडापर्यंत काळा. "कपारीच्या आत गेलं असंल. बाराला दबायचं न्हाई, कपार खोल हाय."

सहा भोकं होती, म्हणजे सहा बार. आपण लांब बांधाआड बसलो आणि तू बोटं मोडून मोजत होतास. पाच बार वाजले. सहाव्याची वाट बघितली, तो वाजला नाही. तुला कुणी सांगायची गरज नव्हती, तुझी दोन बोटं अशाच एका न वाजलेल्या कांडीनं नेली होती. मिस्त्री म्हणाला, "एक जिता ऱ्हायलाय. आज कुणी खाली जायाचं न्हाई." तू मान डोलावलीस.

आपण काठाशी गेलो. धूर वर येत होता. तू वाकून बघितलंस आणि माझा दंड धरलास. "हललं! ते बघ, कपारीपाशी. बुडबुडं येत्यात."

पाणी होतं ते. फुटलेल्या खडकातून झरा लागला होता. मला माहीत होतं, कारण दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "जाऊ दे गेनू, पाणीच हाय."

"पाणी न्हवं. दुसरं हाय. दोन हायेत ना?"

बघ, इथं. इथं तू माझ्याकडं बघत थांबला होतास. एक शब्द बोललो असतो तर तू मला शिव्या घातल्या असत्यास, कदाचित वर्षभर बोलला नसतास, आणि आज जिवंत असतास. माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "असंल तर मरू दे. एकाचं काय घेऊन बसलास?"

तू माझ्या तोंडात मारलीस. तीन बोटांचा हात, पण कानात शिट्टी वाजली. "तुझ्या वहीत एक आकडा कमी हुईल, त्येला जीव हाय," म्हणालास आणि क्रेनचा दोर धरून खाली घसरलास. मिस्त्री ओरडला, आबा ओरडले. मी ओरडलो नाही. तुला खाली दगड उचलताना पाहिलं, एक बाजूला टाकलास, दुसऱ्याला हात घातलास.

मग सहावा बार वाजला.

लोक विचारतात, लगेच गेला का. मी हो म्हणतो. तुला माहीत आहे की तसं नव्हतं. क्रेनचा डबा दोनदा खाली गेला. पहिल्या खेपेला तू आलास, आणि तुझ्या तोंडातून आवाज येत होता, शब्द नव्हता. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं तर माझे हात आत गेले. दुसऱ्या खेपेला तुझं जे खाली राहिलं होतं ते आलं. आबा उपरणं घेऊन धावले आणि कुठं झाकायचं ते त्यांना कळेना. पिंपातलं ते कासव सारखं पत्र्यावर नखं ओरबाडत होतं. मी उठून पिंपाला लाथ घातली. ते आडवं झालं, कासव चिखलात पडलं आणि मी कोयता शोधायला लागलो. आबांनी मला मागून आवळून धरलं नसतं तर मी त्याचे तुकडे केले असते. तुझ्यासाठी नाही. पहिलं तेवढं राहिलं आणि दुसऱ्याचं विचारायला कुणी उरलं नाही, हे मला सहन होत नव्हतं.

ते कासव वहिनीनं नेलं. धुण्याच्या हौदात ठेवलं, दहाव्यानंतरही ते तिथंच होतं.

काल सकाळी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी हौदापाशी कपडे बडवत होती. मी चहा नको म्हणालो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाइपाची जाळी, खड्डा, चहाचा गाडा, काठावर तू माझ्याकडं बघत थांबलास ते. तिच्या हातातलं दांडकं वर होतं ते तसंच राहिलं. मग तिनं ते माझ्या खांद्यावर घातलं. दुसरं दंडावर, तिसरं पाठीवर. ती रडत नव्हती आणि मी हललो नाही. शेजारची म्हातारी धावत आली तेव्हा दांडकं टाकून खाली बसली.

"धा दिवस माझ्या दारात बसला, भावजी," ती म्हणाली. "माझ्या हातचं पाणी प्यायला. समद्यांम्होरं त्यांना देव केला. आन् पोटात हे?"

"हो."

"सांगितलं असतं तर वरच ऱ्हायले असते ते?"

"राहिला असता. उतरलाच नसता."

"त्यांना नदी कळत व्हती, मासा कळत व्हता. माणूस खोटं बोलतंय तेवढं कळत न्हवतं." तिनं ओले कपडे बाजूला सारले. मग उठली आणि हौदात हात घातला. मी पुढं झालो, तर म्हणाली, "तुम्ही हात लावायचा न्हाई."

तिनं ते कासव घमेल्यात घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि घमेलं डोक्यावर घेतलं. मी मागं मागं चाललो. नदीशी आल्यावर ती थांबली. "तुमच्याकडं वही हाय नव्हं? कुठल्या डोहात सोडू?"

गेनू, मी इतकी वर्षं ती वही लिहिली. मी एकेक नाव मनात घेतलं. कुंभारडोहात वाळूची होडी उभी होती. बाभळडोह गाळानं भरला. सतीच्या डोहावर काळा फेस आहे. बाकीचे ह्या उन्हाळ्यात कोरडे आहेत. एखादं नाव ठोकून दिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मी तोंड उघडलंही होतं.

"कुठलाच न्हाई ऱ्हायला," मी म्हणालो.

तिनं घमेलं खाली घेतलं. तुझी राख जिथं सोडली होती तिथंच, कमरेएवढं पाणी उरलेल्या जागी, ती लुगडं खोचून आत गेली. कासवाला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. त्यानं मान वळवली आणि तिच्या मनगटाला चावलं. तिनं ओढून घेतलं नाही, ते सोडेपर्यंत उभी राहिली. मग ते गेलं. पाण्यावर तिचं थोडं रक्त राहिलं आणि तेही गेलं.

"जगंल का?" तिनं विचारलं.

"ठाऊक न्हाई, वहिनी. बहुतेक न्हाई."

ती मनगटाला पदर गुंडाळत काठावर आली. "आता घरला जावा," म्हणाली. "आन् परत येऊ नका."